विरोध नोंदवून घ्यावा

हवेत गारवा आला आणि चौकात फ्लेक्स लागले की मी खाली बघून चालायला लागते. लोकांना तीन ऋतू असतात. आमच्या घरात निवडणूक हा चौथा ऋतू होता. पाच वर्षांनी यायचा, पण आला की बाकीचे तिन्ही विसरायला लावायचा. यंदा तो आठ-नऊ वर्षांनी आला. निवडणुका पुढे पुढे ढकलल्या जात होत्या, आणि खोटं कशाला बोलू, दर वेळी ढकलल्याची बातमी आली की मला सुटल्यासारखं वाटायचं. आता सुटका नाही. परवा सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते, तर समोरच्या विजेच्या खांबावर एक हसरा चेहरा रात्रीतून उगवलेला. हात जोडलेले, मागे शहराचं चित्र, खाली ‘आपला हक्काचा माणूस’. धुक्यात तो चेहरा ओला झाला होता. मी बसमध्ये चढले, खिडकीशी बसले आणि चाकणजवळच्या निघोज्यापर्यंत डोळे मिटून घेतले.

माझे वडील विरोधी राजकारणी होते. हे वाक्य लिहिताना मला नेहमी गंमत वाटते, कारण लोक राजकारण्यांची मुलं म्हटली की गाड्या, प्लॉट, पेट्रोलपंप असं काहीतरी डोळ्यांसमोर आणतात. आमच्याकडे एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात मतदार याद्या होत्या. पप्पा भोसरीला एका फाउंड्रीत ओतकामाला होते. तिथून युनियनमध्ये गेले, युनियनमधून संपात, संपातून घरी, आणि घरी बसवेना म्हणून निवडणुकीत. संत तुकाराम नगरच्या मागे नाल्याच्या दोन्ही काठांनी आमची वस्ती. तिला पाणी एक दिवसाआड यायचं. त्या पाण्याच्या प्रश्नावर पप्पा पहिल्यांदा उभे राहिले आणि पडले. मग पुन्हा उभे राहिले. एकूण सहा वेळा लढले, दोन वेळा निवडून आले, आणि दोन्ही वेळेला सत्ता दुसऱ्यांची. आई म्हणायची, “तुमचे पप्पा निवडून आले की त्यांची बाजू पडते. ते पडले की मगच ती यायची असेल, कुणी सांगावं.” पण ते पडल्यावरही ती कधी आली नाही.

त्या ऋतूचा वास मला अजून येतो. गव्हाच्या पिठाची खळ. आई सकाळपासून मोठ्या पातेल्यात ती ढवळायची आणि तिच्यात मोरचूद टाकायची, म्हणजे उंदीर पोस्टर खात नाहीत. फ्लेक्सच्या आधीची ही गोष्ट. घरभर ओल्या कागदाचा आणि शाईचा वास, वळणीवर कपड्यांच्या ऐवजी कापडी फलक. पक्ष इतका लहान की त्याला स्वतःचं चिन्ह नव्हतं. दर वेळी जे मिळेल ते. एकदा छत्री मिळाली, तेव्हा आम्ही पोरं भर हिवाळ्यात छत्र्या उघडून वस्तीत फिरलो. एकदा शिवणयंत्र मिळालं. पप्पा पहिल्यांदा निवडून आले ते कपाटावर. तेव्हापासून घरातल्या लोखंडी कपाटाला आई सणावारी हार घालायची. आम्ही हसायचो, पण तिचा हार काही चुकला नाही.

आणि याद्या. मतदार यादी हा पप्पांचा ग्रंथ होता. कुठली सून नवीन आली, कोण वारलं, कुणाचं नाव दोनदा पडलंय, कुणाच्या बापाचं नाव चुकलंय, सगळं लाल पेनाने. एका जाड वहीत त्यांनी गल्लीवार माणसं उतरवून ठेवली होती, प्रत्येकापुढे यादीचा भाग आणि क्रमांक. मी सातवीत असल्यापासून त्या वहीवरून चिठ्ठ्या लिहायचे. माझं अक्षर चांगलं म्हणून. “सुजाताच्या हातची चिठ्ठी म्हणजे चूक नाही,” असं पप्पा चारचौघांत सांगायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

विरोधी माणसाचं महापालिकेत काम काय असतं, हे मी एकदा प्रेक्षकांच्या गॅलरीत बसून पाहिलंय. विषय वाचला जातो, मंजूर मंजूर असा आवाज होतो, आणि त्या आवाजात एक माणूस उभा राहतो. पप्पा उठायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, “माझा विरोध नोंदवून घ्यावा.” वरच्या खुर्चीवरून महापौर म्हणायचे, “नोंदवला. पुढचा विषय.” बस्स. एवढंच. विषय मंजूरच व्हायचा. एकदा विरोधक इतके कमी निवडून आले की पप्पाच विरोधी पक्षनेते झाले. वर्षभर त्यांना दोन खुर्च्यांची एक खोली आणि एक गाडी मिळाली. गाडी ते नाल्याच्या पुलापर्यंत आणायचे आणि तिथून चालत घरी यायचे. आई त्या गाडीत एकदाही बसली नाही. त्याच वर्षी त्यांनी एका ठरावावर सभात्याग केला. सभात्याग म्हणजे रागाने सभेतून निघून जायचं. पण जायला ते एकटेच. बाहेर व्हरांड्यात उभं राहून त्यांनी एक चहा घेतला, पुढच्या विषयाला वेळ आहे ना म्हणून शिपायाला विचारलं, आणि पुन्हा आत जाऊन बसले. घरी दुधी भोपळ्याची भाजी बघून ते ताटावरून उठले की आई म्हणायची, “झाला सभात्याग. चहा ठेवू?”

मी त्यांना विचारलं होतं, “पप्पा, मंजूर होणारच असतं तर बोलता कशाला?”

“होणार ते होतंच. पण उद्या कुणी विचारलं की सगळ्यांना मान्य होतं का, तर कागद म्हणेल, नव्हतं. एक जण नको म्हणाला होता.”

तीस वर्षांची कमाई म्हणजे एवढीच. कागदावरचं एक नको. आणि दुसरी एक गोष्ट, जी कागदावर नव्हती. हा माणूस विकला जायचा नाही, असं बरोबरचे लोकच नव्हे तर त्यांना कधीही मत न देणारेही म्हणायचे. वस्तीच्या तोंडाशी बाळूकाकांची चहाची टपरी आहे. ते मूळच्या गावातल्या शेतकरी घराण्यातले. आता शेती कंपन्यांत गेली आणि टपरी राहिली. त्यांचं सगळं घर समोरच्यांच्या, म्हणजे पप्पांविरुद्ध कायम लढणाऱ्या घराण्याच्या बाजूचं. तरी गिऱ्हाइकांना सांगायचे, “शंकरभाऊला मत आमी देनार न्हाई. पन सोन्याच्या ताटात घातलं तरी ह्यो गडी इकायचा न्हाई.”

आता त्या, नऊ वर्षांपूर्वीच्या हंगामाकडे येते. टाळून टाळून किती टाळणार.

पप्पांची ती सातवी निवडणूक व्हायची होती. वय झालं होतं, फाउंड्रीच्या धुळीने छाती भरलेली. त्यांनीच सांगून टाकलं होतं की ही शेवटची. जागा राखीव, उमेदवार मोजके, आणि समोरच्या घराण्याबद्दल लोकांत नाराजी. पहिल्यांदाच असं वाटत होतं की पप्पा आरामात निघतील. त्या वर्षी प्रभागांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. नाल्यापलीकडच्या तीन गल्ल्या शेजारच्या प्रभागात गेल्या. पप्पांनी त्यावर रीतसर हरकत दिली. सुनावणीला जाऊन पाऊण तास बोलले. हरकत फेटाळली गेली. पेपरात दोन ओळी आल्या, त्या त्यांनी कापून वहीत चिकटवल्या.

किसननाना पलीकडच्या गल्लीत राहायचे. पप्पांचे फाउंड्रीतले जोडीदार, संपातही बरोबर. दर निवडणुकीत पप्पांच्या अर्जावर सूचक म्हणून सही त्यांचीच. सूचक म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणारा. तो त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो, एवढीच अट. बाकी कुणीही चालतो. पण आमच्याकडे ती रीतच पडून गेली होती. अर्जाच्या दिवशी नाना पांढरा शर्ट घालून यायचे, घरातल्या दोन तसबिरींपुढे मेणबत्ती लावायचे, आईच्या हातची खीर खायचे आणि सही करायचे. त्यांची सही म्हणजे चार अक्षरं, पण इतकी दाबून की मागच्या पानावर उमटायची. पप्पा पडले तेव्हाही नाना म्हणाले होते, “माझा पेन पुढच्या वेळेला बदलतो.” पेन त्यांनी बदलला नाही आणि पप्पांनी माणूस बदलला नाही.

अर्ज भरायचं काम माझं. पप्पांना त्या आठवड्यात ताप होता. मी तेव्हा निघोज्याच्या कंपनीत इनकमिंग इन्स्पेक्शनला होते. म्हणजे बाहेरून सुटे भाग येतात, ते तपासायचे, बरोबर असेल तर हिरवं स्टिकर, चूक असेल तर लाल. केसाइतका फरक असला तरी माझ्या हातून भाग सुटायचा नाही. सुपरवायझर म्हणायचे, “मॅडमच्या टेबलावरून चुकीचं काही पुढं जात नाही राव.” फर्स्ट शिफ्ट सुटली, बसमध्ये बसले, आणि चाकणच्या चौकात बस अडकली. ट्रेलर, टँकर, दुचाक्या, सगळं जागच्या जागी. मोशीपर्यंत येईतो दीड तास गेला. मी म्हटलं, वेळ का घालवा, आणि मांडीवर कच्चा अर्ज काढून लिहायला बसले. नवी यादी घरी होती, कपाटात. जवळ होती ती पप्पांची जुनी वही. पप्पांचं नाव क्रमांकासह मी सकाळीच नव्या यादीतून टिपून आणलं होतं. नानांचं आणलं नव्हतं. नानांचं काय बघायचं? वहीत दर निवडणुकीचा त्यांचा क्रमांक होता. मी शेवटचा उतरवून घेतला.

अक्षर छान आलं होतं. बस हलत नव्हती ना.

संध्याकाळी सायबर कॅफेत बसून तोच आकडा टाइप केला. प्रिंट काढली. दुसऱ्या दिवशी नाना आले, पांढरा शर्ट, मेणबत्ती, खीर. पप्पांनी गोधडीतून हात बाहेर काढून मी फुली केली होती तिथे सह्या केल्या. “वाचू का?” त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, “तू लिहिलंयस ना? मग राहू दे.”

एकच आकडा मी तीनदा हाताळला. वहीतून कागदावर, कागदावरून कॉम्प्युटरवर, कॉम्प्युटरवरून छापील अर्जावर. एकदाही यादी उघडली नाही. कंपनीत एखाद्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला टेबलापाशी उभी केली नसती.

छाननीच्या दिवशी मी सुट्टी टाकून पप्पांबरोबर गेले. मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर लांब टेबलामागे निवडणूक अधिकारी. उमेदवारांची नावं पुकारली जात होती. पप्पांचं नाव आलं तसा समोरच्यांचा वकील उठला. आवाज अगदी सौम्य होता. “सर, हरकत आहे. यांचे सूचक या प्रभागाचे मतदार नाहीत. अर्जात दिलेला क्रमांक नव्या यादीत एका महिलेचा आहे.”

अधिकाऱ्यांनी यादी उघडली. बोट फिरवत खाली आले, थांबले. मला ते बोट अजून दिसतं. मग त्यांनी वर पाहिलं. “शंकरराव, आपलं काही म्हणणं?”

ज्या माणसाने तीस वर्षं प्रत्येक टेबलापुढे उभं राहून नको म्हटलं होतं, तो उठला. चष्मा पुसला. मला वाटलं, काहीतरी बोलतील, वेळ मागतील, भांडतील. ते माझ्याकडे वळून बघतील याची मला भीती वाटत होती. ते वळले नाहीत.

“हरकत बरोबर आहे,” पप्पा म्हणाले. “माझं काही म्हणणं नाही.”

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांचा हात धरला आणि रडायला लागले. ते म्हणाले, “गल्ली कापली हे मला माहीत होतं. किसन त्या गल्लीत राहतो हेही माहीत होतं. पण किसन आपल्यातून कापला गेला, हे डोक्यातच आलं नाही बघ.” रिक्षात बसताना एवढंच म्हणाले, “अर्ज माझा, सही माझी. तुझं नाव कुठेही यायचं नाही.”

उरलेल्या दोघांनी माघार घेतली आणि आमच्या जागेवर समोरच्यांचा माणूस बिनविरोध निवडून आला. गुलाल उधळला, फटाके वाजले. आमच्या वस्तीत निवडणूक झालीच नाही. आणि मग बोलणं सुरू झालं. जो माणूस त्याच गल्ल्यांसाठी सुनावणीत पाऊण तास भांडला, त्याला त्या गल्लीतला मतदार आपल्या प्रभागात नाही हे माहीत नव्हतं? शेंबडं पोर तरी मानेल का? मुद्दाम चुकवला अर्ज. सेटिंग झाली. भाऊ मॅनेज झाले. कुणी तोंडावर बोललं नाही. बाळूकाका मात्र बोलले. पप्पा टपरीवर गेले तसे त्यांनी चहा दिला आणि ग्लास खाली ठेवता ठेवता म्हणाले, “शंकरभाऊ, दुसरा कुनी इकला गेला असता तर आमाला काय बी वाटलं नसतं. पन तुमी?” पप्पांनी चहा प्यायला. त्यानंतर ते त्या टपरीवर कधी गेले नाहीत.

आणि पुरावा लोकांना लगेच मिळाला. पुरावा मीच होते. त्याच महिन्यात मला कंपनीने पर्मनंट केलं. चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढल्यावर, परीक्षा देऊन, रांगेत माझा नंबर आल्यावर. पण समोरच्यांच्या घरच्या बसेस आमच्या कंपनीला लागलेल्या होत्या. मी अर्ज लिहिला ती बसही त्यांचीच. मग काय, लोकांच्या हाती आयतं कोलीत. “पोरीला पर्मनंट करून घेतली,” असं वस्ती म्हणाली, आणि ज्यांना आकडे जुळवायचे होते त्यांचे जुळले. मी पप्पांना म्हटलं, मी नोकरी सोडते. नाहीतर मी चौकात उभी राहून सांगते, चूक माझी आहे. ते एकदाच माझ्यावर ओरडले ते तेव्हा.

“आणि काय म्हणतील? आधी बाप विकला गेला, आता पोरीवर ढकलतोय म्हणतील. माझं गेलं ते गेलं. तुझं मी जाऊ देणार नाही. विषय संपला.”

मी गप्प बसले. इथे मला एक लिहायलाच हवं, नाहीतर हा सगळा लेख म्हणजे नुसतं रडगाणं होईल. ते ओरडले तेव्हा मला आतून बरं वाटलं. पर्मनंटचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. दोन घड्या घातलेलं. मी बापाच्या आज्ञेत राहिले असं लोकांना सांगता आलं असतं, पण मी त्या पत्राच्या आज्ञेत राहिले. पहिल्या पगाराची साडी आईला घेतली. ती तिने नेसली, आरशात पाहिलं आणि घडी करून कपाटात ठेवली. देहूरोडच्या विहारात जाताना नेसेन म्हणाली. तिथे ती दर वर्षी गेली, ती साडी नेसून मात्र कधी गेली नाही. आता तीही नाही आणि साडी अजून कोरी आहे.

किसननाना त्या दिवसापासून नाला ओलांडून आले नाहीत. पप्पाही गेले नाहीत. मधे पूल आहे, वीस पावलांचा. दोघंही संध्याकाळी आपापल्या काठावर बाकावर बसतात. नानांना वाटतं, आपल्या सहीने मित्राचं वाटोळं झालं. पप्पांना वाटतं, आपण गेलो तर लोक म्हणतील, हे दोघं मिळूनच होते. मी कामावरून येते तेव्हा मला दोन्ही बाक दिसतात. मी मान खाली घालून पूल ओलांडते.

पप्पा आता दिवसभर घरी असतात. श्वास लागतो. पण गेल्या महिन्यात नव्या मतदार याद्या लागल्या तशी त्यांनी एक मागवून घेतली आणि लाल पेन शोधायला लागले. आमच्या वस्तीतल्या मीनाताई यंदा उभ्या राहणार म्हणून. शिकवण्या घेतात. लहानपणी माझ्या शेजारी बसून चिठ्ठ्या लिहायच्या. पप्पांच्याच तालमीत तयार झालेल्या. पप्पांच्या डोक्यात एकच होतं. मीनाच्या अर्जावर सूचक म्हणून सही आपण करायची. त्यांनी मला पांढरा शर्ट इस्त्री करायला सांगितला. स्वतःचं नाव नव्या यादीत शोधून त्याखाली रेघ मारली. मग मला दाखवलं. “बघ, आहे ना? तूही बघ.” मी पाहिलं. होतं. त्यांनी पुन्हा दाखवलं. मी पुन्हा पाहिलं.

मीनाताई गेल्या रविवारी संध्याकाळी आल्या. पप्पांच्या पाया पडल्या. मी चहा ठेवला. शर्ट खुंटीवर लटकत होता.

“भाऊ, आशीर्वाद पाहिजेच तुमचा,” त्या म्हणाल्या. “पण सूचक मी दुसरा बघितलाय.”

“बरं,” पप्पा म्हणाले.

“राग मानू नका. तुमचं नाव अर्जावर दिसलं की समोरचे तेच काढतील. आणि सभेला पण... तुम्हाला एवढं उठता-बसता येत नाही, स्टेजवर कशाला त्रास...”

“बरं,” पप्पा पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. मी चहाचं पातेलं उतरवलं आणि तशीच बाहेर आले.

“मीनाताई, तो अर्ज मी लिहिला होता,” मी म्हटलं. “बसमध्ये बसून. यादी न बघता. पप्पांना ताप होता, त्यांनी वाचलाही नव्हता. त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. मला नोकरी माझ्या नंबराने लागली. सगळी चूक माझी आहे आणि मी इतकी वर्षं गप्प बसले.”

बाहेर प्रचाराची रिक्षा गेली, तिचा भोंगा दूर जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो. मला वाटलं होतं, हे बोलल्यावर काहीतरी हलेल, निदान माझ्या छातीवरचं तरी.

मीनाताई हळूच म्हणाल्या, “ताई, खरं असेल. मी मानते. पण मी हे लोकांना कसं सांगू? इतक्या वर्षांनी? आणि तुम्ही अजून त्याच कंपनीत आहात.”

त्या वाईट बाई नाहीत. त्यांना निवडून यायचंय आणि त्या यायलाही हव्यात. त्यांच्या जागी पप्पा असते तर त्यांनीही हिशेब असाच केला असता, असं मी रात्रभर स्वतःला समजावत होते. ते खोटं आहे. पप्पांनी तसा हिशेब केला असता तर आज आमच्याकडे पेट्रोलपंप असता.

निघताना पप्पांनी त्यांना थांबवलं. “मीना, सूचकाचं नाव नव्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघ. कुणी सांगितलं म्हणून लिहू नकोस. कुणी म्हणजे कुणीही.” मीनाताईंनी मान हलवली आणि गेल्या.

पप्पा किती तरी वेळ खुंटीवरच्या शर्टाकडे बघत होते. मग म्हणाले, “तुला कुणी बोलायला सांगितलं होतं? माझं गेलेलं आलं नाही. आणि आता तुझंही गेलं.”

“जाऊ दे.”

“नऊ वर्षं मी काय राखलं मग?”

मी शर्ट उतरवला, घडी केली, आईच्या साडीवर ठेवला. कपाट लावताना म्हटलं, “पप्पा, मी हे लिहिणार आहे. सगळं. छापून देणार आहे. कुणी मानो न मानो, कागदावर तरी राहील.”

ते खोकले. खोकला थांबेपर्यंत मी पाण्याचा पेला धरून उभी राहिले. मग त्यांनी हाताने पेला बाजूला केला, भिंतीला धरून उठले, अगदी सरळ उभे राहिले, आणि चष्मा पुसला.

पप्पांचा या लेखाला विरोध आहे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे तो इथे नोंदवून घेतला आहे.